दुखतं म्हणून हालत नाही, हालत नाही म्हणून दुखतं
वाचकांचे प्रश्न : सांधे, वजन आणि बैठं आयुष्य

सांधेदुखी आणि वजनाबद्दल आलेल्या प्रश्नांना या अंकात एकत्र उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकाच उत्तरात घेतले आहेत. औषधांची नावं जिथे आली आहेत, तिथे ती समजावण्यापुरतीच आहेत; डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम.

प्रश्न : वय ५७, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. दोन्ही गुडघे तीन वर्षांपासून दुखतात, एक्स-रेमध्ये मध्यम झीज दिसते. जो तो डॉक्टर सांगतो, ‘वजन कमी करा, चालायला जा.’ चाललं की दुखतं, नाही चाललं की वजन वाढतं. सुरुवात नेमकी कुठून करायची?

चालण्यापासून नको, मांडीपासून करा. ‘चालायला जा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. आधी काय करायचं ते त्यात येत नाही.

सपाटीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते पावणेतीन पट भार येतो, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. पाऊल टेकलं की शरीर सावरण्यासाठी आजूबाजूचे स्नायू आवळतात आणि दोन्ही हाडं एकमेकांवर दाबली जातात, म्हणून हा भार वजनापेक्षा इतका जास्त. प्रत्येक पावलाचा धक्का मुख्यतः मांडीचा पुढचा मोठा स्नायू झेलतो. तो दमदार असेल तर भार हळूहळू येतो, कमजोर असेल तर एकदम आदळतो. त्यात एक अडचण अशी, की गुडघा दुखरा असला किंवा त्यात पाणी झालं असलं, की मज्जासंस्था या स्नायूला पूर्ण जोराने आवळूच देत नाही. मांडी बारीक होत जाते, गुडघा मध्येच दगा देतो, माणूस चालणं कमी करतो, वजन चढतं. तुम्ही सध्या या फेऱ्यात अडकला आहात. तो तोडायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्नायू, कारण त्यासाठी वजन उतरायची किंवा दुखणं थांबायची वाट पाहावी लागत नाही.

पहिले दोन आठवडे एवढंच करा. पाय सरळ पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीचा पुढचा भाग हाताला टणक लागला पाहिजे. पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. श्वास रोखू नका, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. दाबताना बूड उचललं जात असेल, तर जोर मांडीऐवजी कमरेतून लागतोय.

त्याबरोबर खुर्चीतून उठ-बस. खुर्चीची बैठक तुमच्या गुडघ्याच्या उंचीला किंवा किंचित वर हवी. ठेंगणी असेल तर वर कडक उशी ठेवा, कारण बैठक जितकी खाली तितका गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्याच्या थोड्या मागे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका आणि मग उठा. उठायला दोन सेकंद, बसायला तीन-चार. आठ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. हे एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. सुरुवातीला हातांचा आधार घ्यायला हरकत नाही. इथे तीन चुका नेहमी होतात. पाय फार पुढे राहतात, मग हिसका देऊन उठावं लागतं. उठताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात. आणि बसताना धप्पकन अंग टाकलं जातं. स्नायूला खरं काम असतं ते सावकाश बसण्यात, आणि नेमकं तेच वाया जातं. दोन वेळा बारा-बारा सहज जमू लागलं की आधी हातांचा आधार सोडा, मग उशी काढा.

तिसऱ्या आठवड्यापासून यात दोन गोष्टी घाला. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा (पाय पुढे येऊ द्यायचा नाही, टाच किंचित मागेच), आणि ओट्याला किंवा भिंतीला हात टेकवून टाचा उचलायच्या. दोन्ही दहा-दहा वेळा. पहिल्याने कमरेच्या बाजूचा स्नायू घट्ट होतो, तो ढिला असला की चालताना गुडघा आत ढळतो.

चालणं मात्र तुकड्यांत. एकदम अर्ध्या तासाऐवजी सात-आठ मिनिटं दिवसातून तीनदा, आणि दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटांची भर. तेवढंही जड जात असेल तर व्यायामाची सायकल वापरा. पॅडल अगदी खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. सीट खाली ठेवून ‘सायकलने गुडघे दुखतात’ म्हणणारे बरेच असतात. छातीइतक्या पाण्यात चालणं हाही चांगला मार्ग आहे, कारण तिथे पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांशच भार येतो.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहाच्या मापावर चार-पाचपर्यंत चालेल, फक्त ते चोवीस तासांत मूळ पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त दुखत असेल किंवा सुजला असेल, तर पुढच्या वेळी मात्रा एक तृतीयांशने कमी करा. बंद करू नका. पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं थोडं वाढू शकतं आणि बहुतेक लोक नेमके तिथेच सोडतात. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात.

प्रश्न : व्यायाम सुरू करून दोन महिने झाले, तरी वजनकाटा हलत नाही. सांध्यांसाठी नेमके किती किलो कमी करावे लागतात? मी ७८ किलोची आहे.

काटा हलत नाही याचं नवल नाही. तुमच्या वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास साध्या वेगाने चाललं तर साधारण १३५ कॅलरी खर्च होतात, त्यातल्या काही तर तुम्ही नुसतं बसूनही जाळल्याच असत्या. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. हिशेब तुम्हीच करा. व्यायाम स्नायू, सांधे, झोप, साखर, हृदय या सगळ्यांसाठी करायचा. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून.

आता किलो. पहिला टप्पा पाच टक्के, म्हणजे तुमच्यासाठी चार किलो. दुखण्यात ठळक फरक साधारण दहा टक्क्यांच्या आसपास जाणवतो, म्हणजे आठ किलो. त्याच्या पुढे आणखी उतरलं तर आणखी फायदा. आदर्श वजनाचा तक्ता भिंतीवर लावून निराश होऊ नका, सांध्याला त्या तक्त्याशी देणंघेणं नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की शरीराचं वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. चार किलो उतरले तर पावलागणिक सोळा किलो, आणि दिवसाची पावलं काही हजार.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त असलेल्या, ५५ वर्षांवरच्या ४५४ जणांचे तीन गट केले होते : फक्त आहार, फक्त व्यायाम, दोन्ही. दीड वर्षाने फक्त व्यायामाच्या गटाचं वजन सुमारे २ टक्के उतरलं, फक्त आहाराच्या गटाचं साडेनऊ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचं ११ टक्क्यांहून थोडं जास्त. दुखणं सगळ्यात जास्त उतरलं ते तिसऱ्या गटाचं, जवळजवळ निम्म्याने. आहार आणि आहार अधिक व्यायाम या दोन गटांच्या वजनात फार फरक नव्हता, दुखण्यात मात्र होता. तो फरक स्नायूंनी केला, असं आम्हाला वाटतं.

खाण्यात रोज साधारण ५०० कॅलरींची कपात केली, तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो उतरतं, पुढे वेग मंदावतो. सगळ्यात आधी तीन गोष्टी मोजा. एक, तेल : मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात आणि बाटलीतून ओतताना तो चमचा कधी दुप्पट होतो ते कळत नाही. महिन्याचं घरातलं तेल भागिले माणसं हा हिशेब एकदा कराच. दोन, साखर घातलेली पेयं, फळांचे रसही त्यातच. तीन, जेवण नसताना येता-जाता तोंडात टाकलेलं. या तीन जागांतून पाचशेचा आकडा बहुतेकांना सापडतो, जेवण उपाशीपणावर आणावं लागत नाही.

प्रथिनं मात्र कमी करू नका. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर गेलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबी नसून स्नायू असू शकतो, आणि मग ज्या मांडीसाठी हा खटाटोप, तीच बारीक होते. साठीच्या आसपास रोज शरीराच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). डाळी, दूध, दही, अंडी, मासे, सोयाबीन यांतून ती प्रत्येक जेवणात विभागून घ्या, एकाच वेळी नको. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर. त्यासोबत बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. काटा अडला आणि कंबर उतरत असेल, तर तुमचं बरोबर चाललं आहे.

प्रश्न : वजनाने गुडघे दुखतात हे पटतं. पण माझ्या हाताच्या बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर गाठी आल्या आहेत. हातावर कोण चालतं? तरी डॉक्टर वजनाचंच बोलतात.

प्रश्न रास्त आहे. संशोधकांनाही हाच प्रश्न पडला होता. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात हाताचा अस्थिसंधिवातही (सांध्याची झीज होण्याचा आजार) जास्त आढळतो, आणि भाराने त्याचं उत्तर मिळत नाही.

उत्तर चरबीच्या स्वभावात आहे. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती रक्तात रसायनं सोडत राहते. लेप्टिन, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ ही त्यांतली काही. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी यात जास्त सक्रिय. ही रसायनं सांध्याच्या अस्तरात सौम्य पण सतत धुगधुगणारा दाह चालू ठेवतात आणि कूर्चेची (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची) मोडतोड करणारी एन्झाइम्स वाढवतात. गुडघ्यात तर वाटीच्या खालीच चरबीची एक गादी असते, तीही हेच करते. म्हणजे गुडघ्याला वजन दोन्ही बाजूंनी त्रास देतं, वरून भाराने आणि आतून रसायनांनी. बोटांना फक्त दुसरी बाजू लागू होते.

तरी एक स्पष्ट सांगायला हवं. बोटांच्या गाठींमागे आनुवंशिकता आणि रजोनिवृत्तीचा काळ यांचा वाटा मोठा असतो. वजन उतरल्यावर गुडघ्याचा फायदा जेवढ्या खात्रीने सांगता येतो, तेवढा हाताचा सांगता येत नाही. आलेल्या गाठी तर जात नाहीत. हातासाठी रोजची पकड सोपी करा : जाड मुठीची साधनं, झाकण उघडताना रबरी कापड, जड भांडं एका हाताच्या बोटांत न धरता दोन्ही तळव्यांवर. अंगठ्याचा बुंधा दुखत असेल तर कामाच्या वेळी स्प्लिंट (सांध्याला आधार देणारी पट्टी).

प्रश्न : मी ६२ वर्षांचा आहे. माझ्या मते सांधे गाडीच्या टायरसारखे असतात, जितके वापराल तितके लवकर झिजतात. म्हणून निवृत्तीनंतर जपून राहतो, जिना टाळतो. पण हल्ली बसून उठलं की पाय आखडतात. जास्तच जपतोय का?

हो, जास्तच जपता आहात. टायर स्वतःची डागडुजी करत नाही. सांधा जिवंत आहे, करतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो सांधा दाबला आणि सोडला गेल्यामुळे. भार आला की द्रव बाहेर, गेला की पुन्हा आत. हालचाल बंद म्हणजे ही देवाणघेवाण बंद. प्लास्टरमध्ये अडकलेल्या किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या लोकांची कूर्चा पातळ होते, हे मोजून पाहिलेलं आहे. उलट हौसेने नियमित धावणाऱ्यांत न धावणाऱ्यांपेक्षा गुडघ्याचा अस्थिसंधिवात जास्त आढळत नाही. सांध्याला खरी इजा होते ती वेगळ्या गोष्टींनी : गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं किंवा गादी फाटणं यांसारखी जुनी दुखापत, वर्षानुवर्षं ओझं घेऊन उकिडवं बसण्याचं काम, आणि वजन.

बसून उठल्यावर आखडणं पाच-दहा मिनिटांत सुटत असेल तर ते अस्थिसंधिवाताचं नेहमीचं लक्षण आहे. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल तर मात्र दाहाचा संधिवात नाही ना, हे तपासून घ्या.

एक चाचणी घरी करून बघा. साध्या खुर्चीवर (बैठक जमिनीपासून सुमारे ४३ सेंटिमीटर) हात छातीवर आडवे घेऊन बसा. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असू द्या. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४, आणि बाईला १२ जमायला हवेत. त्याहून कमी झाले तर जिना टाळणं थांबवा, पहिल्या उत्तरातली उठ-बस सुरू करा आणि गुडघा सुजलेला नसेल त्या दिवशी एक मजला कठडा धरून चढा. उतरताना लिफ्ट घेतली तरी चालेल, कारण जास्त भार उतरण्यात असतो.

प्रश्न : वय ४१, संगणकासमोर दहा तास काम. आठवडाभर काही जमत नाही, म्हणून रविवारी डोंगर चढतो. सोमवारी-मंगळवारी गुडघे धरतात. हा संधिवात म्हणायचा का?

बहुधा अजून नाही, पण तुमचा क्रम चुकतो आहे. सहा दिवस काहीच न केलेल्या मांडीवर एकदम चार तासांची चढ-उतर आली की स्नायू अर्ध्या वाटेत थकतात आणि उतरताना सगळा धक्का वाटीच्या मागे जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. मंगळवार आणि गुरुवारी वीस-वीस मिनिटं मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांचे व्यायाम केलेत, तर रविवारचा डोंगर तुम्हाला झेपेल. उतारावर दोन काठ्या घ्या आणि पावलं आखूड टाका.

राहिले दहा तास. दर तीस-चाळीस मिनिटांनी दोन मिनिटं उभं राहा. फोन आला की उठायचं, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ होतं. बसल्या जागी टेबलाखाली एकेक पाय सरळ करून तीन सेकंद धरा, दहा वेळा. पाय खुर्चीखाली मागे दुमडून बसायची सवय असेल तर सोडा; गुडघा तासन्‌तास पूर्ण वाकलेला राहिला की वाटीमागे कळ येते.

प्रश्न : मला पाच वर्षांपासून आमवात आहे, वय ४६. स्टेरॉइडमुळे नऊ किलो वजन वाढलं. सांधे सुजले असताना व्यायाम करायचा की नाही? आणि सीआरपी (रक्तातून दाह मोजणारी चाचणी) नेहमी थोडं जास्त येतं, म्हणजे आजार कायम चढलेलाच आहे का?

तुमचा आजार वरच्या प्रश्नांतल्या झिजेपेक्षा वेगळा आहे. इथे रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. वजन कमी केल्याने औषधाची गरज संपत नाही, हे आधी पक्कं करा. मात्र वजन जास्त असलेल्यांत आजार पूर्ण शांत होण्याचं प्रमाण कमी दिसतं, आणि टीएनएफ रोखणाऱ्या काही इंजेक्शनांचा परिणामही कमी पडतो. म्हणजे वजन औषधाच्या वाटेत येतं. धूम्रपानही तसंच.

सीआरपीबद्दल : चरबी स्वतःच हा आकडा थोडा वर ठेवते, विशेषतः बायकांत. त्यामुळे एकट्या आकड्यावरून औषध वाढवू किंवा घाबरू नका. किती सांधे सुजले आहेत आणि किती दाबल्यावर दुखतात ते डॉक्टरांनी बोटांनी तपासून मोजलेलं जास्त खरं.

व्यायामाचं असं. जो सांधा गरम आणि सुजलेला आहे, त्याला त्या दिवसांत वजन नाही, ताण नाही. फक्त दिवसातून एक-दोनदा हलक्या हाताने पूर्ण फिरवून घ्या, म्हणजे तो आखडणार नाही. बाकीचं शरीर चालू ठेवा. मनगट सुजलं म्हणून चालणं का बंद करायचं? सूज उतरली की आठवडाभरात पुन्हा ताकदीचे व्यायाम. आमवातात हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो आणि स्नायू लपून-छपून घटतात, वजन तेवढंच दिसलं तरी. म्हणून वजनी व्यायाम तुमच्यासाठी जास्तच गरजेचे. आजार बरीच वर्षं असेल आणि मान दुखून हातांना मुंग्या येत असतील, तर मानेचे व्यायाम करण्याआधी मानेचा एक्स-रे करून घ्या.

आणि वजन वाढलं म्हणून स्टेरॉइड स्वतःहून एकदम थांबवू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोपर्यंत कमी केलेलं असतं, अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर पायरीपायरीने कमी करतील.

प्रश्न : युरिक ॲसिड जास्त होतं, वजनही. कडक उपास करून महिन्यात आठ किलो उतरवले आणि त्याच आठवड्यात पायाचा अंगठा लालबुंद सुजला! वजन कमी केल्यावर गाउट कमी व्हायला हवा होता ना?

सावकाश केलं असतं तर झाला असता. गाउट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणारी सूज. कडक उपासात शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी किटोन द्रव्यं मूत्रपिंडातून बाहेर पडताना युरिक ॲसिडची वाट अडवतात. पाणी कमी प्यायलं असेल तर त्यात भर. युरिक ॲसिड रक्तात डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे स्फटिक बनू शकतात. पातळीत अचानक चढ-उतार झाला की सांध्यात आधीपासून बसलेले स्फटिकही झटका आणतात.

आठवड्याला अर्धा किलो, जास्तीत जास्त एक, हा वेग ठेवा. गोड पेयं आणि मद्य, त्यातही बिअर, बंद. ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारं औषध) चालू असेल तर झटक्यातही थांबवू नका, हा सगळ्यात जास्त होणारा घोळ आहे. झटका चालू असताना युरिक ॲसिड तपासलं तर ते नॉर्मल येऊ शकतं आणि ‘गाउट नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. औषध चालू असताना ध्येय ६ च्या खाली.

एकच सांधा गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल, तर गाउट समजून घरी थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर काही दिवसांत कूर्चा नष्ट होते, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घ्याव्यात का? आणि वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी गुडघेदुखी कमी होते म्हणतात, ते खरं का?

ग्लुकोसामाइनवरचे पैसे वाचवा. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शनात गुडघ्यासाठी ते घेऊ नये असं ठामपणे म्हटलं आहे. दुखण्यासाठी औषध लागलंच, तर गुडघ्यावर लावायचं दाहशामक जेल आधी. पोटात घ्यायच्या दाहशामक गोळ्या जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रास देतात, त्या मनाने चालू ठेवू नका.

इंजेक्शनांचं मात्र खरं आहे. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाची गुडघ्याच्या अस्थिसंधिवातावरची ६८ आठवड्यांची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं, औषध नसलेली नुसती सुई घेणाऱ्यांचं ३.२ टक्के, आणि दुखणंही औषध घेणाऱ्यांचं स्पष्ट जास्त कमी झालं. पण ती चाचणी स्थूल लोकांत होती, चार-पाच किलो जास्त असलेल्यांत नव्हे. औषध थांबलं की वजन बरंचसं परत येतं. मळमळ, बद्धकोष्ठता, पित्तखडे हे त्रास होतात. घरात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असेल तर हे औषध घेता येत नाही, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. भूकच मेल्याने प्रथिनं कमी पडतात आणि स्नायू घटतो. इंजेक्शन घ्या किंवा न घ्या, खुर्चीतली उठ-बस सुटत नाही.

प्रश्न : आईचा गुडघा बदलायला सांगितला आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४१ आहे म्हणून सर्जन आधी वजन उतरवा म्हणतात. हा टाळण्याचा प्रकार आहे का?

नाही. बीएमआय ४० च्या वर गेला की जखम न भरणं आणि कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होणं यांचा धोका वाढतो. तसा संसर्ग झाला तर अनेकदा सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. ४० हा आकडा दगडावरची रेघ नाही. चालणं पूर्ण बंद पडलेल्या रुग्णाला तिथेच अडवून ठेवणं आम्हालाही योग्य वाटत नाही. सर्जनना विचारा, की किती उतरलं तर पुरेल, आणि तोपर्यंत आहारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट कोण बघणार? नुसतं ‘उतरवून या’ म्हणून परत पाठवणं ही योजना नव्हे.

मधल्या काळात उपाशी ठेवू नका. प्रथिनं घटली तर जखम भरायला वेळ लागतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, तंबाखू बंद करा, आणि शस्त्रक्रियेआधी सहा-आठ आठवडे मांडीचे व्यायाम करून घ्या. कमजोर मांडीने टेबलावर गेलेला माणूस नंतर उशिरा चालतो. गुडघा बदलला की आपोआप वजन उतरेल, या भरवशावर मात्र राहू नका. बहुतेकांचं उतरत नाही.

प्रश्न : उजवा गुडघा दुखतो. काठी कुठल्या हातात धरायची?

डाव्या. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि काठी व दुखरा पाय एकाच वेळी पुढे. त्याच बाजूला धरली तर शरीर दुखऱ्या पायावरच कलतं. उंची अशी : चप्पल-बूट घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. काठीच्या टोकाचं रबर अधूनमधून उलटून बघा. त्यावरच्या खाचा बुजल्या असतील तर ओल्या फरशीवर काठी घसरते, रबर लगेच बदलून घ्या.